पेशींचं मॉडेल बिघडलं? आधी या चुका तपासा

व्हर्टेक्स मॉडेल म्हणजे पेशींच्या थराची संगणकावरची नक्कल; त्यात पेशी म्हणजे बहुभुज. फळमाशीच्या पंखाचा कोवळा थर वरून पाहिला तर फरशी बसवल्यासारखाच दिसतो, म्हणून हे सोंग खपतं. कोपऱ्यावरचं बल काढायचं, कोपरा थोडा सरकवायचा, पुन्हा बल काढायचं. एवढंच काम, तरी कोड रडवतो.

सगळ्यात जास्त छळते ती शेजार बदलण्याची पायरी. दोन पेशींमधली कड आखडत शून्याजवळ आली की ती काटकोनात फिरवायची. जुने शेजारी दुरावतात, समोरासमोरचे दोघे चिकटतात. याला टी-१ म्हणतात. माझ्या पहिल्या प्रयत्नात एकच कड दर पावलाला आडवी-उभी, आडवी-उभी होत राहिली, स्टार्टर गेलेल्या ट्यूबलाइटसारखी. दोन दिवस मी ताणाचे आकडे बदलत बसलो. चूक भलतीकडेच होती. कड ०.०१ पेक्षा लहान झाली की फिरव, असं मी सांगितलं होतं आणि फिरवलेली कडही जेमतेम तेवढीच ठेवली होती. जरा आखडली की पुन्हा नंबर लागलाच! नवी कड मर्यादेपेक्षा लांब ठेवा. चेस्ट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती मुळातच दीडपट असते.

पेशी लिबलिबीत, वेड्यावाकड्या दिसताहेत? कोड उसवण्याआधी परिमितीला क्षेत्रफळाच्या वर्गमुळाने भागा. नियमित षटकोनाला ३.७२ येतात. तुम्ही ठरवून दिलेला आकडा साधारण ३.८१ च्या वर असेल तर थर द्रवासारखा वागणारच. तो बग नाही.

रसायनांचं विसरण (म्हणजे पसरणं) जोडल्यावर बुद्धिबळाचा पट उमटला तर हुरळू नका. जाळी निम्म्याने बारीक केली असेल, पण वेळेचं पाऊल एक चतुर्थांश करायचं राहिलं असेल.

पट्टे सुरेख आले तरी लगेच ट्युरिंगचं नाव घेऊ नका. रसायनांच्या अभिक्रियेतून आणि पसरण्यातून नक्षी आपोआप उमटू शकते, असं या गणितज्ञाचं म्हणणं. फळमाशीच्या गर्भात ईव्ह जनुकाचे सात पट्टे असतात, अगदी त्याच्या १९५२ च्या सिद्धांतातून उतरल्यासारखे. पण दुसऱ्या पट्ट्यासाठी डीएनएचा स्वतंत्र तुकडा आहे: बायकॉइड आणि हंचबॅक ही प्रथिनं तो चालू करतात, जायंट आणि क्रुपेल दोन बाजूंनी दाबून धरतात. म्हणून शेवटचं चित्र जुळवत बसण्यापेक्षा थर वाढू द्या आणि पट्टे मोजा: ट्युरिंगचे असतील तर ते रुंद होण्याऐवजी संख्येने वाढायला हवेत. कोंडो आणि असाई यांनी १९९५ मध्ये एंजलफिशवर हेच पाहिलं. मासा मोठा झाला तसे पट्टे रुंद झाले नाहीत. जुन्या दोन पट्ट्यांच्या मधोमध नवा उगवला.