यूझर-मोड एम्युलेटरमधला बिघडलेला सिस्टिम कॉल कसा दुरुस्त करावा

समजा, तासगावच्या द्राक्षबागेत बसवायच्या हवामान-उपकरणाचा प्रोग्राम सांगलीत बसून इंटेलच्या लॅपटॉपवर तपासायचा आहे. उपकरणात ३२ बिटी एआरएम प्रोसेसर आणि लिनक्स. अशा वेळी क्यूईएमयू या एम्युलेटरचा (एका प्रोसेसरचे प्रोग्राम दुसऱ्यावर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) यूझर-मोड फार सोयीचा पडतो, कारण अख्खे मशीन उभे न करता तो एकच प्रोग्राम चालवतो. पण यात कर्नलचे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे, एम्युलेशन होत नाही. प्रोग्रामने केलेला सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलकडे केलेली मागणी, क्यूईएमयू उलगडतो, लॅपटॉपच्या कर्नलला समजेल असा करतो आणि उत्तर उलट फिरवून परत देतो. बहुतेक चुका या उलगडण्यात-फिरवण्यात असतात. कॉल मुळातच जोडलेला नसणे हे त्या मानाने सोपे दुखणे.

आधी निदान. क्यूईएमयूला ‘-स्ट्रेस’ पर्याय द्या. प्रोग्रामने काय मागितले ते दिसते. मग क्यूईएमयूसकट सगळे लॅपटॉपच्या नेहमीच्या स्ट्रेस या सिस्टिम कॉल नोंदवणाऱ्या साधनाखाली ‘-एफ’ लावून चालवा. कर्नलपर्यंत प्रत्यक्ष काय पोचले ते कळते. दुसऱ्या यादीत क्यूईएमयूचे स्वतःचे, मेमरीसाठीचे एममॅप आणि थ्रेडसाठीचे फ्युटेक्स, कॉलही येतील, ते वगळा. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की कोणते अर्ग्युमेंट वाटेत बदलले ते सापडते. कोडमध्ये हात घालण्याआधी हे कराच.

सिस्टिम कॉलचे क्रमांक प्रत्येक प्रोसेसरचे वेगळे असतात. यादृच्छिक बाइट देणारा गेटरँडम कॉल ३२ बिटी एआरएमवर ३८४, ६४ बिटी एआरएमवर २७८ आणि एक्स८६-६४ वर (लॅपटॉपच्या ६४ बिटी इंटेलवर) ३१८. म्हणून लॉगमधला क्रमांक नेहमी गेस्टच्या (आत चालणाऱ्या प्रोग्रामच्या प्रोसेसरच्या) तक्त्यात शोधा. ४२४ पासून पुढचे नवे कॉल मात्र जवळपास सगळीकडे एकाच क्रमांकाचे आहेत.

कॉल जोडलेलाच नसेल तर ‘लिनक्स-यूझर’ फोल्डरमधल्या सिस्कॉल फाइलीतल्या मोठ्या स्विचमध्ये नवी केस घाला. गेस्टने दिलेला पॉइंटर (मेमरीचा पत्ता) थेट वापरायचा नाही: लॉक-यूझर कुटुंबातल्या फंक्शनने तो तपासून घ्या, पत्ता चुकीचा निघाला तर ईफॉल्ट हा एरर परत द्या, स्ट्रक्चरचे एकेक फील्ड बाइट-क्रम सांभाळून उचला आणि शेवटी अनलॉक करा. स्ट्रेसच्या यादीतही नव्या कॉलची ओळ घाला, नाहीतर पुढच्या माणसाला तो नीट दिसणार नाही.

फ्लॅग, म्हणजे कॉलसोबत पर्याय सांगणारे बिट, हा नेहमीचा सापळा. एआरएमवर ओ-डिरेक्टरी हा फ्लॅग अष्टमान पद्धतीत ०४००००. तोच आकडा एक्स८६ वर ओ-डिरेक्ट होतो. न बदलता पाठवला, तर फोल्डर उघडायला निघालेला प्रोग्राम कर्नलकडे कॅश टाळून वाचण्याची मागणी करतो. यासाठी फ्लॅगचा तक्ता आधीपासून आहे. त्यात दुरुस्ती करा, केसमध्ये ठिगळ लावू नका.

सर्वांत जास्त वेळ खातो तो ३२ बिटी गेस्टमधला ६४ बिटी ऑफसेट, म्हणजे फाइलमधली जागा सांगणारा आकडा. एआरएम ईएबीआयमध्ये (अर्ग्युमेंट कोणत्या रजिस्टरमध्ये ठेवायचे त्या नियमांत) असा आकडा सम क्रमांकाच्या रजिस्टरपासून सुरू होणाऱ्या जोडीतच बसतो. दिलेल्या जागेपासून वाचणाऱ्या प्रीड६४ कॉलमध्ये आर० ला फाइल, आर१ ला बफर, आर२ ला लांबी, आर३ रिकामे, आणि ऑफसेट आर४-आर५ मध्ये. रिकामे रजिस्टर वगळायचे राहिले तर आर३-आर४ चा ऑफसेट बनतो. प्रोग्रामने ४०९६ मागितले असेल तर वरच्या ३२ बिटांत ४०९६ जाऊन बसतात, म्हणजे वाचन १६ टेराबाइटच्या जागेवर होते. कर्नल तक्रार करत नाही; फाइल संपली असे समजून शून्य बाइट देतो. नोंदी असलेली फाइल प्रोग्रामला रिकामी भासते. ऑफसेट शून्य आणि आर३ मध्येही शून्य असले की सगळे सुरळीत चालते, त्यामुळे वरवरची चाचणी पास होते. इंटेलच्या ३२ बिटी गेस्टला ही जोडीची अट नाही, म्हणून तिथले कोड उचलून एआरएमला लावू नका.

स्ट्रक्चरचा आकारही गृहीत धरू नका. घटना कळवणारे ईपोल-इव्हेंट हे स्ट्रक्चर एक्स८६-६४ वर १२ बाइटचे, एआरएमवर १६ बाइटचे. तसेच्या तसे कॉपी केले तर घटना कळते, पण ती कोणत्या सेन्सरची ते चुकते.

थांबून राहणाऱ्या कॉलसाठी सेफ-सिस्कॉलच वापरा. साध्या सिस्कॉलमध्ये आत जाण्याच्या अगदी आधी सिग्नल आला, तर क्यूईएमयू त्याची फक्त नोंद ठेवतो आणि कॉल थांबूनच राहतो; गेस्टचा हँडलर चालत नाही. सेफ-सिस्कॉल तो क्षण ओळखून कॉल मागे घेतो. ही चूक क्वचितच दिसते, म्हणूनच ती चिवट आहे.

जे पूर्ण जमत नाही तिथे प्रामाणिकपणे ईनोसिस, म्हणजे ‘असा कॉल नाही’ हा एरर, द्या. जीलिबसी ही लिनक्सची सी लायब्ररी २.३४ पासून थ्रेड बनवताना आधी क्लोन३ करून बघते आणि ईनोसिस मिळाला की जुन्या क्लोनकडे वळते. तिथे ईपर्म (‘परवानगी नाही’) दिला तर थ्रेडच बनत नाही. खोटे शून्य देणे त्याहून वाईट. एरर क्रमांकही बदलून पाठवावा लागतो: ईनोसिस एआरएम आणि एक्स८६ वर ३८, एमआयपीएसवर ८९. फक्त एआरएमवर तपासले तर ही चूक लपून राहते.

चाचणीचा प्रोग्राम छोटा, स्टॅटिक (लायब्ररी आतच घेऊन) बांधलेला ठेवा. त्यात ४ जीबीच्या पुढचा ऑफसेट, चुकीचा पॉइंटर आणि पानाच्या अगदी कडेला संपणारा बफर हे तिन्ही हवेत. तो ‘मल्टिआर्क’ चाचण्यांच्या फोल्डरमध्ये ठेवून ‘मेक चेक-टीसीजी’ चालवा, एखाद्या बिग-एंडियन (आकड्याचा वरचा बाइट आधी ठेवणाऱ्या) गेस्टसकट. त्यानंतर तीच बायनरी खऱ्या बोर्डवर चालवा. दोन्हीकडचे निकाल ओळीला ओळ जुळले पाहिजेत.