‘हो’ म्हणजे होच असं धरू नका: परदेशी सहकाऱ्यांबरोबर काम करताना या चुका टाळा

जपानी सहकाऱ्यांबरोबरच्या एका कॉलवर मी नवं वेळापत्रक मांडलं. दर वाक्याला पलीकडून ‘हाय, हाय’. मी खुशीत सगळ्यांना मेल टाकून मोकळा झालो. आठवड्याने कळलं, काम तसूभरही हललेलं नाही. ‘हाय’ म्हणजे ‘हो’ खरं, पण बोलण्याच्या ओघात त्याचा अर्थ बहुधा ‘ऐकतोय, पुढे बोला’ एवढाच. आपण फोनवर ‘हं, हं’ करतो तसा. आणि ‘केंतो शिमासु’, म्हणजे ‘विचार करून पाहतो’, हा तर बरेचदा सभ्य नकारच.

तेव्हापासून ‘जमेल ना?’ हा प्रश्नच मी सोडून दिला. त्याला ‘नाही’ म्हणायला जिवावर येतं. त्याऐवजी ‘सुरुवात कशाने कराल? कुठे अडेल?’ असं विचारा, खरं काय ते बाहेर येतं. तरीही नाही आलं, तर मीटिंगनंतर एकट्याला गाठा. चारचौघांत, त्यातही साहेबांसमोर, अडचण सांगणं पुष्कळ ठिकाणी बरं दिसत नाही.

प्रश्न विचारून गप्पही बसा. मनात पाचपर्यंत मोजा. समोरचा वाक्य जुळवत असतो आणि आपण मध्येच बोलत सुटतो. (ही सवय माझी अजून पुरती गेलेली नाही.)

याच्या उलट, डच किंवा जर्मन सहकारी ‘हे चुकलंय’ असं तोंडावर सांगेल. रोख कामावर असतो, तुमच्यावर नाही.

अभ्यासू माणसं वेगळीच चूक करतात: कुठल्या देशाची माणसं कशी, याचे तक्ते पाठ करतात. डच समाजमानसशास्त्रज्ञ गीर्ट हॉफस्टेड यांनी 1967 ते 1973 या काळात आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या लाखाहून अधिक प्रश्नावल्यांवरून देशोदेशींच्या कामाच्या संस्कृतीची तुलना केली. पण ते आकडे देशाच्या सरासरीचे. समोर बसलेल्या बाईंना सरासरीत बसवायला गेलात, तर फसाल. त्यांनाच विचारा, ‘तुमच्याकडे हे कसं करतात?’

तारखेचा घोळ मात्र निव्वळ आळसाचा. 03/04 म्हणजे अमेरिकेत 4 मार्च, ब्रिटनमध्ये 3 एप्रिल. महिना अक्षरात लिहा. आणि उन्हाळ्यासाठी घड्याळं अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात, युरोपात शेवटच्या. मधल्या दिवसांत ठरलेला कॉल कुणाच्या तरी जेवणाच्या वेळेवर जाऊन आदळतो, तेव्हा आमंत्रण आधीच तपासून घ्या.