पेशीत लपलेला साल्मोनेला आणि नॅनोकणांतलं जेन्टामायसिन : प्रयोगात या चुका टाळा

जेन्टामायसिन हे जुनं, स्वस्त प्रतिजैविक. परीक्षानळीत ते विषमज्वराच्या जिवाणूला, साल्मोनेलाला, सहज मारतं, पण विषमज्वराच्या रुग्णाला त्याचा उपयोग होत नाही. साल्मोनेला मॅक्रोफेजच्या, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीच्या, आत जाऊन राहतो आणि जेन्टामायसिनचा पाण्यात विरघळणारा, धनभारित रेणू पेशीचं पटल सहजी ओलांडत नाही. म्हणून औषध पीएलजीएच्या (शरीरात विरघळणारं एक पॉलिमर) नॅनोकणांत भरायचं आणि ते कण मॅक्रोफेजने गिळायचे, ही कल्पना. ती पोकळ नाही. काला आजाराचा परजीवीही मॅक्रोफेजमध्येच राहतो, आणि त्यावर लायपोसोममधलं (चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत भरलेलं) अ‍ॅम्फोटेरिसिन बी हे औषध भारतात २०१४ पासून पहिल्या पसंतीचा उपचार आहे: किलोमागे १० मिलिग्रॅम, एकच डोस. शिरेतून दिलेले कण बहुतांशी यकृत आणि प्लीहेतल्या मॅक्रोफेजकडे जातात, आणि रोगजंतूही तिथेच असतो.

प्रयोगशाळेत मात्र या विषयातले बरेच ‘यशस्वी’ निकाल जिवाणू कुठे मेले हे न तपासताच लिहिले जातात. नव्याने काम सुरू करणाऱ्यांनी सगळ्यात जास्त जपावं ते इथे.

आधी एक साधी गोष्ट. पेशी वाढवायच्या मीडियममध्ये सवयीने पेनस्ट्रेप (पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही प्रतिजैविकं) घातलेलं असतं. संसर्गाच्या आदल्या दिवशीच बिनप्रतिजैविकाचं मीडियम द्या, नाहीतर कंट्रोलमधलेच (तुलनेसाठी औषध न दिलेल्या पेशींतले) जिवाणू कमी भरतील.

कणांत औषध किती भरलं, हे यूव्हीवर मोजू नका. जेन्टामायसिनच्या रेणूत यूव्ही शोषणारा भागच नाही. वाचन दिसलंच तर ते बहुधा दुसऱ्याच कशाचं असतं. ओपीएशी (औषधाशी जोडलं जाऊन ते मोजता येण्याजोगं करणारं रसायन) अभिक्रिया करून मोजा, किंवा जिवाणूंच्या वाढीवरून. भरणी कमी येत असेल तर औषध बाहेरच्या पाण्यात निसटतंय. दुहेरी इमल्शनमध्ये (औषधाचं पाणी पॉलिमरच्या द्रावात आणि ते पुन्हा पाण्यात ढवळून कण बनवण्याची पद्धत) हे नेहमीचंच. आतल्या पाण्याचं प्रमाण आणि ढवळण्याचा वेळ कमी करून पाहा.

आता मुख्य अडचण. पेशीतले जिवाणू मोजण्याची रूढ पद्धत अशी: मॅक्रोफेजना संसर्ग द्यायचा, बाहेर उरलेले जिवाणू मारायला तासभर मिलिलिटरमागे १०० मायक्रोग्रॅम जेन्टामायसिन, मग ते १०-२० वर आणायचं, शेवटी ट्रायटन या डिटर्जंटने पेशी फोडून प्लेटवर कॉलनी मोजायच्या. इथे पद्धतीचं औषध आणि तपासायचं औषध एकच आहे! कणांतून पहिल्या काही तासांत भसकन सुटलेलं जेन्टामायसिन बाहेरच्या औषधात मिसळतं. बराच वेळ राहिलं तर मोकळं जेन्टामायसिनही पेशी थोडंथोडं आत ओढते. म्हणून तीन कंट्रोल हवेतच: रिकामे कण, तेवढ्याच एकूण मात्रेचं मोकळं औषध, आणि रिकामे कण अधिक मोकळं औषध. तिसरा बहुतेक जण गाळतात, आणि कणांचा खरा वाटा नेमका त्यातूनच कळतो.

त्याहून फसवा प्रकार पेशी फोडताना घडतो. पटलाला चिकटलेले आणि आत न फुटलेले कण लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या द्रवात) येतात, आणि इतका वेळ औषधापासून सुरक्षित असलेला जिवाणू तिथे त्याला पहिल्यांदा भेटतो. तो पेशीत नव्हे, तुमच्या प्लेटवर मरतो. खूण ओळखायला सोपी आहे: बिनपातळ केलेल्या प्लेटवर कॉलनी नाहीत आणि शंभरपट पातळ केलेल्यावर मात्र आहेत. खात्रीसाठी संसर्ग नसलेल्या पेशींना कण द्या, त्या धुऊन फोडा, आणि तो लायसेट संसर्ग झालेल्या पण औषध न दिलेल्या पेशींच्या लायसेटमध्ये मिसळून प्लेट करा. कॉलनी इथेही घटल्या तर तुमचा निकाल पेशीच्या आतला नाही. मग धुण्याच्या फेऱ्या वाढवा, लायसेट लगेच पातळ करा, जिवाणू सेंट्रिफ्यूजमध्ये कमी वेगात खाली बसवून पीबीएसने (मिठाच्या बफर द्रावणाने) धुऊन मग प्लेट करा. हे एक कंट्रोल केल्याशिवाय पुढचा कुठलाही आलेख काढू नये, असं माझं ठाम मत आहे.

कॉलनी घटण्याचं आणखी एक खोटं कारण म्हणजे मेलेले मॅक्रोफेज. कण विषारी असतील तर पेशी फाटते, जिवाणू बाहेर पडतो आणि मीडियममधलं जेन्टामायसिन त्याला संपवतं. प्रत्येक वेलचं (प्लेटमधल्या खाचेचं) एलडीएच, म्हणजे फाटलेल्या पेशीतून बाहेर सांडणारं एन्झाइम, मोजा. एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजणारी चाचणी) वापरत असाल तर पेशींशिवाय नुसत्या कणांचं वाचनही घ्या, कारण काही कण त्या रंगात लुडबुड करतात.

साल्मोनेला ज्या पोकळीत राहतो तिचा पीएच ५ च्या आसपास, कधी त्याहूनही खाली जातो, आणि आम्लात जेन्टामायसिनची ताकद बरीच घटते. तेव्हा जिवाणूंची वाढ थांबवणारी औषधाची किमान मात्रा ७.४ आणि ५ अशा दोन्ही पीएचला काढा. सातला पुरणारी मात्रा तिथे पुरेल असं धरून आखलेला डोस कमीच पडणार. औषध जिवाणूच्या पोकळीपर्यंत पोहोचलं का, याचं उत्तर कणांत चमकणारा रंग भरून काढलेला फोटो देत नाही: कणांतून सुटलेला मोकळा रंगही पेशीत तसाच दिसतो, आणि कण आत असला तरी तो जिवाणूच्याच पोकळीत आहे असं ठरत नाही. जिवाणूला वेगळा रंग देऊन दोन्ही एकत्र पाहा.

कणांचा आकार शुद्ध पाण्यात मोजून थांबू नका. सीरम असलेल्या मीडियममध्ये तासाभराने पुन्हा मोजा. गोठवून सुकवल्यावर गुठळ्या होत असतील तर सुकवण्याआधी ट्रेहॅलोज ही साखर घाला. आणि काम अझिथ्रोमायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकावर करायचं असेल तर आधी मोकळ्या औषधाशी तुलना करा. ते स्वतःहूनच मॅक्रोफेजमध्ये साठतं, त्यामुळे तिथे कणांची गरज आधी सिद्ध करावी लागेल.