इथेनॉलसाठी गोड ज्वारी लावायचीय? मग आधी कारखाना गाठा

बियाणं नंतर बघा, आधी डिस्टिलरी (इथेनॉल काढायची सोय) असलेला साखर कारखाना बघा, तोही शेतापासून २०-२५ किलोमीटरच्या आतला. हे पहिलं सांगतोय कारण २००३ नंतर बायोडिझेल मिशनच्या (बियांच्या तेलापासून डिझेल बनवायच्या सरकारी मोहिमेच्या) वाऱ्यावर पडीक रानात मोगली एरंड (जट्रोफा) लावलेल्यांचे हाल आपण पाहिलेत, पाणी नको निगा नको म्हणून गाजावाजा झाला आणि शेवटी बियाही धड आल्या नाहीत अन् घेणाराही जवळ नव्हता.

गोड ज्वारीचं तर अजून अवघड आहे, कारण इथेनॉल होतं ते धाटाच्या रसातल्या साखरेचं, आणि ती साखर टिकत नाही. तोडल्यापासून २४ तासांत गाळप झालं पाहिजे, तुकडे करून ट्रॉली भरली तर त्याहून लवकर आंबतं. म्हणून कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याला थेट विचारा: ज्वारी गाळणार का, कोणत्या तारखांना, आणि दर वजनावर की ब्रिक्सवर (रसाच्या गोडीच्या आकड्यावर)? उत्तर लेखी घ्या. टाळाटाळ झाली तर यंदा लावूच नका.

होकार आला की पहिल्या वर्षी १० गुंठेच करा. जातींमध्ये राहुरी कृषी विद्यापीठाची फुले अमृता किंवा सीएसएच २२ एसएस हा हायब्रीड. पेरणी खरिपातच करा, रब्बीत थंडीमुळे धाट बारीक राहतं आणि टनेज पडतं. पाऊस झाला की लगेच पेरा, उशीर झाला की खोडमाशी पोंगे (रोपाचा मधला कोंब) मारते, त्यामुळे बियाण्याला थायामेथोक्झाम चोळूनच पेरा. एकरी ३ किलो बी, दोन ओळींत ६० सेंमी, आणि १५-२० दिवसांनी विरळणी करून दोन रोपांत १५ सेंमी ठेवा. विरळणीचा कंटाळा केला तर धाटं काडीसारखी होतात, मग रस कुठून येणार? युरियाही जास्त ओतू नका, पीक नुसतं उंच वाढतं आणि वाऱ्यात लोळतं, लोळलेल्यात गोडी कमी.

जूनअखेरची पेरणी ऑक्टोबरअखेर तोडणीला येते, म्हणजे गळीत हंगामाच्या तोंडावर, बॉयलर कधी पेटणार ते आधीच विचारून ठेवा. तोडणी कधी करायची ते ब्रिक्स मीटरवर ठरवा. पाच-सहा धाटं घ्या, प्रत्येकाचा बुडखा, मधलं कांडं आणि शेंडा पिळून एकेक थेंब बघा अन् सरासरी काढा. १६ च्या वर गेली आणि दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की तोडणीची टोळी बोलवा. आदल्या दिवशी पाऊस पडला असेल तर मात्र मोजू नका, आकडा कमी येतो.

कणसं आधी खुडून घ्या, दाणा घरचा होतो, हा फायदा उसात नाही, आणि पाला सोलून जनावरांना. पण तोडणीनंतर बुडख्याला कोवळे फुटवे येतात, त्यावर गुरं सोडू नका, किरळ (कोवळ्या ज्वारीतलं विष) लागून जनावर दगावतं.

हिशोब असा: एकरी १५ टन धाटं, टनाला साधारण ४० लिटर, म्हणजे ६०० लिटर इथेनॉल. ऊस एकरी याहून खूप जास्त देतो हे खरंच, पण तो वर्षभर रान अडवतो आणि पाणी पितो, ही चार महिन्यांत मोकळी होते आणि मागे हरभरा घेता येतो. जिथे विहीर जानेवारीत तळ गाठते तिथे मी उसापेक्षा हीच लावायला सांगेन, फक्त कारखान्याचा कागद हातात असेल तरच.