अपघातानंतर फोर व्हील ड्राइव्ह गाडीचा एकच टायर बदलताना

नागपूरच्या वर्धा रोडवर दुभाजकाला चाक घासून टायरची बाजू फाटली आणि बाकी गाडी थोडक्यात वाचली, तर साध्या गाडीचा मालक त्याच मापाचा एक टायर बसवून संध्याकाळपर्यंत मोकळा होतो. चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचवणाऱ्या गाडीच्या मालकाने मात्र भाव विचारण्याआधी शाबूत राहिलेले तीन टायर मोजावेत, कारण टायर एक घ्यायचा, दोन की चार, हे त्या मापावरच ठरते. अशी गाडी दुकानापर्यंत न्यायची असेल, तर ती दोन चाके उचलून ओढत नेऊ नये. चारही चाके वर राहतील अशा सपाट ट्रकवरच चढवावी.

मोजणी खाचांच्या खोलीची करायची असते. त्यासाठीचा छोटा गेज स्वस्तात मिळतो आणि बहुतेक टायरवाल्यांकडे असतोही. प्रत्येक टायरच्या मुख्य खाचांमध्ये आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या बाजूला माप घ्यावे आणि ते लिहून ठेवावे. नव्या टायरची खोली साधारण 8 मि.मी. असते, कायद्याची किमान मर्यादा 1.6 मि.मी. आहे.

आता 235/60 आर 18 मापाच्या टायरचा हिशेब पाहू. त्याचा घेर सुमारे 2.32 मीटर भरतो. जुना टायर 4 मि.मी. झिजलेला असेल, तर त्याचा घेर सुमारे 25 मि.मी.ने कमी होतो, म्हणजे नव्या टायरच्या तुलनेत त्याला प्रत्येक किलोमीटरमागे साडेचार-पाच फेरे जास्त घ्यावे लागतात. नागपूरहून अमरावतीला जाईपर्यंत ही तफावत सातशे फेऱ्यांच्या घरात पोचते. वळणावर चाकांच्या वेगातला फरक काही क्षणांचा असतो; झिजेमुळे पडणारा हा फरक सरळ रस्त्यावरही थांबत नाही आणि तो पचवण्याचे काम डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना) आणि पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या कपलिंगवर येऊन पडते, त्यामुळे ते तापतात.

यापुढचा निर्णय गाडीच्या रचनेवर अवलंबून आहे. थार किंवा जिम्नीसारख्या गाड्या एरवी दोनच चाकांवर चालतात आणि फोर व्हील आपण लिव्हरने लावतो. अशा गाडीत त्याच एक्सलवरचे, म्हणजे पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही टायर एकसारखे नवे घेणे बहुतेक वेळा पुरेसे होते. शहरातल्या कोरड्या सिमेंट रस्त्यांवर मात्र फोर व्हील लावू नये, कारण तिथे चाक घसरून ताण मोकळा होऊ शकत नाही. ही काळजी चारही टायर सारखे असतानाही घ्यायची असते. ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे लिव्हरशिवाय आपोआप चारही चाकांना ताकद पोचवणाऱ्या गाडीत जोडी बदलण्याचा नेहमीचा सल्ला उलटाही पडू शकतो. एकच नवा टायर लावल्यास मधल्या कपलिंगपर्यंत तफावतीचा निम्मा भाग पोचतो, पण एका एक्सलवर दोन्ही नवे लावल्यास पूर्ण तफावत तिथे जाते. कंपन्या साधारण दीड ते तीन मि.मी.पर्यंतचाच फरक चालवून घेतात; आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहावा आणि फरक त्याच्या आत असेल तर एकच टायर निःशंक घ्यावा, नसेल तर चारही घ्यावेत. हे महाग वाटते, पण ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) दुरुस्तीपुढे तो खर्च परवडतो.

डिकीतली स्टेपनी हा उपाय दिसतो तितका सोपा नाही. ती कधीच वापरलेली नसेल, तर तीही नव्या टायरइतकीच मोठी असते, आणि अरुंद तात्पुरती स्टेपनी केवळ जवळच्या दुकानापर्यंत पोचण्यासाठी असते. पाचही चाके आलटून-पालटून वापरणाऱ्या मालकाचा मात्र इथे फायदा होतो, कारण त्याची स्टेपनी बाकीच्या टायरांइतकीच झिजलेली असते.

एकच टायर घेताना माप, कंपनी, मॉडेल, भार निर्देशांक (टायर किती वजन पेलतो याचा आकडा) आणि वेगाचे अक्षर (कमाल वेग सांगणारे) तंतोतंत जुळले पाहिजे. बाजूवरचे चार आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा.

विम्याचा दावा करायचा असल्यास कंपनीला कळवून सर्व्हेअरने पाहीपर्यंत फाटलेला टायर टाकून देऊ नये. साध्या पॉलिसीत केवळ टायरचे नुकसान भरून मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचेही नुकसान झाले असेल तरच टायरच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत रक्कम मिळते. अपघाताबाहेरचे उरलेले टायर त्यात धरले जात नाहीत, हे आधीच लक्षात ठेवावे.

टायर चढवण्याआधी चाकाची डिस्क (रिम) वाकली किंवा तडकली आहे का, तसेच टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा), सस्पेन्शनचा आर्म आणि बेअरिंग यांना मार बसला आहे का, हे तपासून घ्यावे, कारण यात दोष राहिला तर नवा टायर एका बाजूने झिजू लागतो. त्यानंतर बॅलन्सिंग आणि व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी हवा भरून घेतल्यास तापलेल्या टायरमुळे आकडा फसवा येतो, म्हणून दाब सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी तपासावा. नट समोरासमोरच्या क्रमाने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) आवळावेत आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासून घ्यावेत.