राईल्स ट्यूब आणि पेग : पट्टी लावताना या चुका टाळा

अर्धांगाचा झटका आलेला किंवा तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेला पेशंट मिरजेच्या दवाखान्यातून अन्न देण्याच्या नळीसकट (नाकातून पोटात जाणारी राईल्स ट्यूब किंवा पोटाला भोक पाडून बसवलेली पेग) घरी आला, की घरच्यांना एकच धास्ती असते : नळी निघाली तर? जत-आटपाडीकडच्या गावातून रात्री-अपरात्री परत मिरज गाठणं सोपं नाही. या भीतीपोटी पट्टीवर पट्टी चढत जाते. नळी हलत नाही हे खरं, पण चार दिवसांत नाकपुडीची कड सोलवटलेली असते.

नळी वर वळवून कपाळाला चिकटवणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीनं होतं. नळी वर ओढली की ती नाकपुडीच्या कडेवर सतत दाबून बसते. तिथं कातडी पातळ, खाली कुर्चा. रक्तपुरवठा अडला की ती जागा आधी पांढरी, मग लाल होते आणि दुर्लक्ष झालं तर काळी पडते. बोलू न शकणारा पेशंट सांगणार तरी कसं? दिवसातून दोनदा मोबाइलचा टॉर्च मारून बघा. नळी नाकपुडीच्या मधून सरळ खाली यायला हवी, कडेला टेकता कामा नये.

अडीच सेंटीमीटर रुंद पट्टीचा आठ-दहा सेंटीमीटरचा तुकडा घ्या. तो अर्ध्यापर्यंत मधोमध उभा चिरा, म्हणजे विजारीसारखे दोन पाय तयार होतील. कोपरे गोल कापा, टोकदार कोपरे आधी उचलले जातात. अखंड भाग नाकाच्या दांडीवर बसवा. एक पाय नळीभोवती एका दिशेनं गुंडाळा, दुसरा उलट दिशेनं. दोन्ही पायांचं शेवटचं अर्धा सेंटीमीटर टोक स्वतःवरच दुमडून ठेवा. पुढच्या वेळी पट्टी सोडवताना नखानं खरवडावं लागत नाही.

नाकावरच्या एका पट्टीवर सगळा भार टाकू नका. थोडी ढील ठेवून नळी गालावर दुसऱ्या पट्टीनं धरा. उरलेल्या नळीला पट्टीचा झेंडा करा आणि त्या झेंड्यातून सेफ्टी पिन कपड्याला लावा. पिन नळीतून कधीही घालू नका. शेवटी पेशंटची मान दोन्हीकडे वळवून बघा. नाकाशी ताण येत असेल तर ढील कमी पडली आहे.

तेलकट किंवा ओल्या कातडीवर पट्टी

जुनी पट्टी काढायला खोबरेल तेल चांगलं. पण ते साबणाच्या पाण्यानं पुसलं नाही, तर नवी पट्टी दोन तासांत सरकते. एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा घामानंही हेच होतं. त्यावर पावडर लावू नका. पट्टी पावडरीलाच चिकटते, कातडीला नाही. पुसा, पूर्ण कोरडं होऊ द्या, पुरुषांची गालावरची खुंटं काढा, मग पट्टी लावा. सोललेल्या जागी स्पिरिट लावणं म्हणजे आगीत तेल.

पट्टी काढताना एका बोटानं कातडी दाबून धरा आणि पट्टी कातडीला लागून मागं दुमडत न्या. सरळ वर खेचली तर कातडीचा वरचा थर तिच्याबरोबर येतो. तोवर दुसऱ्या माणसानं नळी नाकाशी धरून ठेवलीच पाहिजे, कारण ती निसटायची वेळ हीच. एकट्यानं पट्टी बदलायचा हट्ट नको.

लाली दिसली तर मलम आणायला धावण्याआधी तिचा आकार बघा. पट्टीएवढाच चौकोन लाल असून खाज असेल, तर चिकट द्रव्य सोसत नाही. डायनाप्लास्टसारखी जाड चिकटपट्टी सोडून कागदी मायक्रोपोरवर या, किंवा गालावर आधी पातळ हायड्रोकोलॉइडचा (कातडी जपणाऱ्या मऊ ड्रेसिंगचा) तुकडा लावून त्यावर पट्टी लावा. लाली नाकपुडीच्या कडेला रेघेसारखी असेल तर तो दाब आहे. तिथं मलमानं काही होणार नाही, नळीची दिशा बदला. काळा ठिपका, पू किंवा ताप असेल तर दवाखान्यातच दाखवा.

खूण न बघता दूध देणं

नळी नाकातून बाहेर येते तिथं पक्क्या मार्करनं खूण करून ठेवा आणि प्रत्येक वेळी देण्याआधी ती बघा. खूण खाली सरकली असेल तर नळी स्वतः आत ढकलू नका आणि काही देऊही नका. सिरिंजनं हवा मारून पोटावर आवाज ऐकण्याची जुनी पद्धत भरवशाची नाही; नळी श्वासनलिकेत असली तरी आवाज येऊ शकतो. नळीतून सिरिंजनं ओढलेल्या पाण्याचा पीएच (आंबटपणाचं माप; जितका कमी तितकं आंबट) ५.५ किंवा कमी असणं ही बरी खूण. शंका असेल तर एक्स-रे.

पोटावरची पेग

इथली चूक आवळण्याची. बाहेरची चकती आवळली की गळणार नाही, असं वाटतं. खरं तर चकती आणि कातडी यांत तीन ते पाच मिलिमीटर जागा लागते. सतत आवळलेल्या चकतीमुळे नळी आतून धरून ठेवणारं बटण पोटाच्या भिंतीत रुतू शकतं. भोक भरून आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं असेल तर नळी थोडी आत सारून गोल फिरवून परत जागेवर आणा. नळीचं टोक आतड्यापर्यंत नेलेलं असेल तर मात्र फिरवायची नाही.

सांगलीत हळद घरोघरी, त्यामुळे ती भोकाभोवतीही जाते. जाऊ देऊ नका. चकतीखाली तिचा गोळा होऊन ओल धरते, आणि पिवळ्यात पू ओळखू येत नाही. साबण-पाणी आणि कोरडं गॉझ पुरे. पाटण-महाबळेश्वरकडच्या पावसाळ्यात गॉझ दमट झालं की लगेच बदला.

गळत असेल तर जाड गॉझ कोंबू नका. आम्ल त्यात साठून कातडी भाजते. झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर द्या आणि कारण शोधा : बद्धकोष्ठ, खोकला, की नळी आतून धरणाऱ्या फुग्यातलं कमी झालेलं पाणी. फुग्याची नळी असेल तर त्यात किती मिली पाणी लागतं ते नळीच्या पाणी भरायच्या तोंडावर छापलेलं असतं. सलाइन नव्हे, निर्जंतुक पाणीच. जाड नळी घालून गळती थांबवायला गेलं तर भोकच मोठं होतं.

पेग निघालीच, तर स्वच्छ गॉझ ठेवून तडक निघा. भोक काही तासांतच आकसायला लागतं. निघालेली नळी पिशवीत घालून बरोबर न्या, तिच्यावर नंबर लिहिलेला असतो.