मारामारीत फुटणारी काच घरी कशी करायची

पिक्चरमधे हिरो खिडकीतून आरपार उडी मारतो ना, ती काच जुन्या काळी चक्क साखरेची असायची, आता जास्त करून रेझिनची असते पण शॉर्टफिल्मला साखर बेस्ट आणि स्वस्त.

दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी, अर्धी वाटी लिक्विड ग्लुकोज (केकचं सामान मिळतं तिथे मिळेल). ग्लुकोज टाळू नका हां, सगळी गंमत त्यातच आहे. नुसत्या साखरेचा पाक थंड होताना परत दाणे धरतो, ग्लुकोजचे कण मधेमधे कडमडतात त्यामुळे साखरेला रांगेत बसताच येत नाही आणि सगळं आहे तसंच गोठतं, खऱ्या काचेसारखं.

मंद गॅसवर १५० डिग्रीपर्यंत न्यायचं. थर्मामीटर नसेल तर चिक्कीची टेस्ट, थेंब गार पाण्यात टाकायचा, कट्टकन तुटला की लगेच गॅस बंद. दाताला चिकटला तर अजून थांबा. १६०च्या पुढे गेलं की पिवळं पडतं, मग बिअरची बाटली म्हणून खपवा :) तेल लावलेल्या ट्रेमधे ओता आणि तासभर हात लावू नका. पाक अंगावर उडाला तर चिकटून भाजतो, लहान मुलं लांबच ठेवा.

मी एकदा ऐन जुलैत आदल्या रात्री करून ठेवली, सकाळी बघतो तर वर चिकट घाम, साखर हवेतलं पाणी ओढते ना. त्यामुळे शूटिंगच्या दिवशीच करा. आणि तुकडे धारदार असतात, तोंडावर अजिबात फोडू नका.